माठाचं झाकण

भाभींचा फोन आला तेव्हा मशीनवर प्लायवूडची जाळी कापणं चालू होतं. "वहीदभाई गए," एवढंच त्या म्हणाल्या. काप मध्येच थांबवला की टूल जागच्या जागी फिरत राहतं आणि लाकडावर काळा डाग पडतो, हे वहीदभाईंनीच मला शिकवलेलं. म्हणून मी मशीन थांबवलं नाही. शीट पूर्ण होईपर्यंत तिथंच उभी राहिले... दवाखान्यातून लवकरच येतो म्हणून गेलेला माणूस.

मी भंडाऱ्याकडची. लग्न होऊन इतक्या लांब, कंपन्यांच्या वस्तीत, बजाजनगरला आले. नवऱ्याची कंपनी सुटली तेव्हा काम विचारत वहीदभाईंच्या शेडवर गेले. कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाइन प्लायवूडवर कापून देणारं सीएनसी राउटर त्यांनी घेतलं होतं आणि चालवायला माणूस हवा होता. शिक्षण विचारलं तर मी मान खाली घालून म्हटलं, नववी नापास.

"मतलब आठवी पास ना? मग पास बोल की. नापास कायको बोलती?"

तेव्हापासून डिझाइन ते काढायचे, कापायची मी. मला मशीनची धास्ती वाटायची. ते म्हणायचे, "खाती क्या तेरेको? हात लाव." आज आमच्या घरची चूल त्या हात लावण्यावर पेटते.

त्या मशीनवर त्यांनी पहिल्यांदा कापलं ते माठाचं झाकण. गोल काढलेलं, पण कापून आलं ते जरासं चपटं. दुसऱ्या कुणी ते फेकलं असतं. वहीदभाई झाकण पिशवीत घालून बाजारात गेले आणि एकेका माठावर बसवून बघत हिंडले. "भाई, माठ घेताय का टोपी?" असं कुंभारानं विचारल्याचं स्वतःच हसत सांगायचे. अखेर तशाच चपट्या तोंडाचा एक माठ त्यांना मिळाला. झाकण एकाच बाजूनं बसायचं, म्हणून वर मार्करनं बाण काढला. बाण दाराकडे केला की बसलं.

ते गेल्यावर मशीन आवाज करायला लागलं. धंदा आता त्यांच्या बायकोच्या, भाभींच्या हातात; त्यांनी टेक्निशियन बोलावला. त्यानं पट्टे आवळले, कुलूपबंद असलेलं सेटिंग आपल्या लॅपटॉपवरून उघडून काहीतरी बदललं. कॉम्प्युटरवर समोर दिसलं ते झाकणाचं जुनं डिझाइन भंगार तुकड्यावर कापून, मोजून, ठीक म्हणाला आणि गेला.

मग कन्नड गावातल्या मंगल कार्यालयाचं काम आलं. आमच्याच जुन्या जाळ्या, काही फुटल्या होत्या, तशाच पुन्हा हव्या होत्या. वहीदभाईंच्याच डिझाइनवरून कापल्या, तर चौकटीत बसेनात. लांबीला जास्त. टूल बदललं. शीट सरकतेय का बघितलं, पकडी आवळल्या, वेग कमी केला. तरी तेवढंच जास्त. चांगलं प्लाय वाया जात होतं. टेक्निशियनला फोन केला तर तो भाभींना म्हणाला, "मशीन ओके आहे, मॅडम. तुमच्या ऑपरेटरला बघा."

चहाचा कप ठेवता ठेवता भाभी म्हणाल्या, "ये माल वापस आया तो मैं मशीन बेच देती. मेरे से नै होता." म्हणजे मला गावाकडं जावं लागणार. आणि ज्याला विचारायचं तो माणूसच नाही... मला रडू नाही आलं, राग आला.

पाणी प्यायला माठापाशी गेले. टेक्निशियननं कापलेला गोल तिथंच पडला होता. चिडूनच तो उचलून जुन्या झाकणावर ठेवला. रुंदीला दोन्ही जुळले. बाणाच्या दिशेनं मात्र जुनं झाकण कमी भरलं. डिझाइन तेच, मशीन तेच...

जाळीचं डिझाइन उघडून मोजलं. त्यातली फुलं गोल नव्हतीच, लांबट होती. इतकी वर्षं मी बघत होते, त्यांची तऱ्हा असेल म्हणून. मशीन पहिल्या दिवसापासून लांबीला कमी कापत होतं. सेटिंगचा पासवर्ड विकणाऱ्याकडं, आणि तो दुकान बंद करून गेलेला. झाकणासाठी माठ शोधणाऱ्या माणसानं मशीनसाठी झाकणानंतरची सगळी डिझाइनं ताणली होती, तेवढीच, मोजून. आता मशीन सुधारलं आणि डिझाइनं चुकली.

मी जाळी तेवढी आखडून घेतली आणि कापली. बसली. भाभींनी मशीन विकायचा विषय तूर्त सोडलाय.

पण राग अजून गेलेला नाही. जुनं काम आलं की आधी डिझाइन आखडायचं, प्रत्येक वेळी धाकधूक, आणि प्रत्येक वेळी मी मनात त्यांच्याशी भांडते. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? बहुतेक त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. झाकणावर बाण काढायला सुचलं, मला एक शब्द बोलायला नाही.

परवा भाभी म्हणाल्या, आता मशीन बरोबर आहे, तर माठाला चांगलं गोल झाकण काप. मी टेक्निशियनचा गोल ठेवून दाखवला. सगळीकडून फिरवला. बसला नाही.

जुनं झाकण उचललं, बाण दाराकडे केला, सोडलं.