रस्ता ऐकणाऱ्या विमलताई

श्रीमती विमलताई राऊत यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि समोर एक ड्रायव्हर चहाचा कप धरून बोलत होता. अकोल्यातलं त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, भर दुपार, डोक्यावर सावकाश फिरणारा पंखा. मी अंजनगाव सुर्जीहून नोकरी मागायला गेलो होतो. मला वाटलं, बाईंना डुलकी लागली आहे आणि या भल्या माणसाला ते कळलेलं नाही. मी त्याला तशी खूणही केली. त्याने मला हातानेच गप्प केलं आणि रायपूरच्या पुढच्या जंगलातलं सकाळचं धुकं सांगत राहिला. ताईंनी डोळे न उघडता विचारलं, "उतारावर चिंचेचं झाड हाये न अजून?" तो म्हणाला, रस्ता रुंद करताना तोडलं. ताईंचा चेहरा असा उतरला, जणू ओळखीचं कुणी गेल्याची बातमी आली.

त्या दुपारीच मला नोकरी मिळाली आणि ताईंची ही रीतही कळली. परतलेल्या ड्रायव्हरने आधी चहा घ्यायचा, मग रस्ता सांगायचा, कागदपत्रं त्यानंतर. कारण ताईंना गाडी लागते. देशभर माल पाठवणाऱ्या या बाईंना अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंतही मोटारीने जाववत नाही. लिंबू हुंगत निघतात आणि बोरगावलाच उतरतात. अमरावतीला सुद्धा त्या रेल्वेनेच जातात. पण सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी मनात सगळे रस्ते वसवून ठेवले आहेत. ऐकताना त्यांचा उजवा पाय कधी कधी ब्रेक दाबल्यासारखा हलतो. अशा दुपारी ऑफिसातल्या कुणालाही आपण अकोल्यात बसलो आहोत असं वाटत नसे.

ताई या धंद्यात टायपिस्ट म्हणून आल्या. मालक थकले, ऑफिस बंद करतो म्हणाले, तेव्हा या उठून म्हणाल्या, "बंद कावून करता? मी पाह्यतो." गोदामात बाई उभी राहणार म्हणून हमालांनी आठ दिवस नाकं मुरडली. नवव्या दिवशी ताईंनी सरकीची पोती चुकीची रचलेली ओळखून पूर्ण गाडी उतरवायला लावली. तेव्हापासून नाकं जागेवर आहेत. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न "जेवले काय?" आणि दुसरा "गाडी कुठं हाये?" ईद असो की पोळा, ज्याच्या घरचा सण त्याला परतीचा माल घराकडचाच मिळे. एकदा बाळापूरच्या एका ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी तीन गावांत फोन करून त्याला तिकडचा माल शोधून दिला होता.

पण या गौरव अंकात नुसती स्तुती करून थांबलो, तर ताईच मला माफ करणार नाहीत. मला एक कबुली द्यायची आहे. आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर रशीदभाई यांच्या नावावर एक डाग आहे आणि तो त्यांचा नाही.

मी कापसाच्या गाठींवर तयार झालेला माणूस. गाठींना पाण्याचा थेंब चालत नाही, म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळून बांधायची, हे माझ्या हातात मुरलेलं. संत्र्याचं उलटं. त्याला वारा लागतो. ताडपत्री सैल, बाजू मोकळ्या. वरूडला आंबिया बहाराच्या संत्र्यांची एक गाडी कलकत्त्यासाठी भरली, त्या दिवशी देखरेखीला मी होतो. भाताच्या तणसावर रचलेली संत्री, सगळ्या अंगणभर त्यांचा वास, मी त्या वासातच कुठेतरी हरवलेलो. आभाळ थोडं भरून आलं आणि मी सांगितलं, आवळून बांधा. रशीदभाई म्हणाले, संत्रा हाये साहेब. मी म्हणालो, मला शिकवू नका. त्यांनी बांधलं. वाटेत पाऊस लागत राहिला आणि ताडपत्रीचे दोर सोडायची सोय उरली नाही. माल पोचला तेव्हा खालचे थर कोंडून सडले होते.

ऑफिसात मी बेधडक सांगितलं, की रशीदभाईंनी मनानेच बांधलं. मग रीतीप्रमाणे त्यांना चहा मिळाला आणि ते रस्ता सांगायला बसले. वरूडपासून कलकत्त्यापर्यंत सगळं सांगितलं: नदीचं लाल पाणी, धाब्यावरची मोहरीची भाजी. ताडपत्रीबद्दल अवाक्षर नाही, माझ्याबद्दलही नाही. ताईंनी डोळे उघडले ते थेट माझ्याकडे पाहत. त्यांना कळलं होतं. इतकी वर्षं रस्ते ऐकणाऱ्या कानाला गाळलेली जागा ऐकू येणारच.

त्यांनी वरूडच्या व्यापाऱ्यांना स्वतः फोन करून चूक ऑफिसची असल्याचं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. ताई ड्रायव्हरांना पाठीशी घालतात हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक! रशीदभाईंच्या गाडीत वरूडचा संत्रा पुन्हा कधी भरला गेला नाही. डाळ आणि सरकी वाहत त्यांनी उरलेली वर्षं काढली. ताई मला एकटं गाठून एवढंच म्हणाल्या, "मी सांगून उपयोग नाई. तू सांगशीन तवाच तो सुटन. मी तुले जबरदस्ती करनार नाई." मी उद्या सांगतो म्हणालो. त्या उद्याला अठरा वर्षं झाली. ताईंनी ना मला कामावरून काढलं, ना पुन्हा विषय काढला. त्याची मला लाज वाटते, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

म्हणून वरूडच्या मंडळींनो, हे आपल्यासाठी: ती ताडपत्री मी आवळायला लावली. रशीदभाईंनी मला अडवलं होतं.

हे छापायला देण्याआधी मी अकोल्यात रशीदभाईंच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवलं. मग माफी मागितली. ते म्हणाले, "लिवा. पन बाईच्या तारीफमधी मायं इतकं कावून टाकलं? बाईचं वाढवा." मी वाढवलेलं नाही. ताईंना हीच तारीफ आवडेल असं मला वाटतं.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण दुपारचा चहा आणि रस्ता चुकत नाही. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, कान असेच तिखट राहोत आणि ज्या वाटा त्यांनी पाहिल्या नाहीत त्या सगळ्या अजून पुष्कळ वर्षं त्यांच्यापर्यंत चालत येवोत. अमरावतीला होणाऱ्या त्यांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला वरूडची मंडळी येणार आहेत आणि सभागृहात त्यांना तोंड कसं दाखवावं हे मला सुचत नव्हतं. काल रशीदभाईंचा निरोप आला. आपल्या शेजारची खुर्ची ते माझ्यासाठी धरून ठेवणार आहेत.