फिलोमिना टीचरांचा काढा

हे सगळे घडले तसेच आठवते आहे का, याची मला खात्री नाही. औषधशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाने असे म्हणावे, म्हणजे कमालच. पण रक्त द्यायला बसलेला माणूस सुईकडे न बघता बोलत सुटतो, आणि वसईतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये किस्से साठत जातात.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास उमेळ्याच्या फिलोमिना टीचरांचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन मुंबईत झाले. पुढची केमोथेरपीची इंजेक्शनेही तिथेच, पण त्याआधीची रक्ततपासणी आमच्याकडे. पांढऱ्या पेशी कमी भरल्या की इंजेक्शन लांबणीवर, आणि टीचरांना तर शाळा उघडण्याआधी बरे व्हायचे होते. गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते का, हे मला पाहायचे होते. मी काढा सुचवला. "बरं सर," त्या म्हणाल्या.

*

गावभरातून गुळवेल आली. कडुनिंबावर चढलेली सर्वांत गुणकारी म्हणतात, म्हणून प्रत्येकजण सांगे, "कडुनिंबावरचीच आहे." लॅबचे मालक डॉ. परेरा म्हणाले, "सर, उमेळ्यात एवढे कडुनिंब असते तर डास राहिले असते का?"

*

तुलनेसाठी काढा न घेणाऱ्या पाच शेजारणींचे रक्त हवे होते. त्यांतल्या मारीआजी कुरकुरल्या, "आजार तिचा, सुई आम्हाला का?"

"आजी, तुलना करायची आहे."

"तुलना मी सुनेची रोज करते. रक्त नाही काढत!"

*

तिसऱ्या इंजेक्शनाआधी पेशी फारच खाली गेल्या. मी तीनदा मोजल्या. इंजेक्शन लांबले. टीचर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा आधी. तुम्हालाच घाम फुटलाय."

पुढच्या आठवड्यात पेशी वर आल्या आणि इंजेक्शन झाले. मी म्हटले, "काढा!" परेरा म्हणाले, "किंवा आठवडाभराची विश्रांती." मला रात्रभर झोप आली नाही.

*

टीचरांची इंजेक्शने संपली. त्या शाळेत परतल्या, पुढे बरीच वर्षे शिकवून निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी त्यांना विचारले, "काढा फार कडू लागायचा का हो?"

"कुणास ठाऊक. मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, इंजेक्शनं चालू आहेत तोवर दुसरं काही नको. तुमचा चेहरा बघून सांगवेना."

"मग इतका काढा गेला कुठे?"

"संध्याकाळी आमच्याकडे रोझरीच्या प्रार्थनेला शेजारच्या बायका जमायच्या. उकळलेलं फुकट कसं घालवायचं?"

तुलनेसाठी रक्त दिलेल्या त्या पाचही शेजारणींना मी एकेकटीला गाठून विचारले. पाचही जणींनी काढ्याचा कोर्स पूर्ण केला होता.