स्वच्छ फोटो

यंत्रांना बघायला शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कॅमेऱ्याला जे दाखवाल तेवढंच त्याला कळतं, हे मी शहरातल्या आमच्या कॉलेजात दरवर्षी घसा कोरडा करून सांगते. रागीट म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही.

माझी एक पीएचडीची विद्यार्थिनी देवगाव रंगारीची. कापूस वेचणारा यंत्राचा हात तिनं बनवला होता. चार वर्षं घरच्याच रानात बोंडांचे फोटो काढून त्याला शिकवलं. एका कॉलेजात तिची नोकरी ठरलेली होती, पण जूनच्या आत पदवी हवी होती. जानेवारीत बाहेरगावचे परीक्षक आले ते हात चालताना बघायलाच.

प्रयोग मुद्दाम शेजाऱ्याच्या, यंत्रानं कधी न पाहिलेल्या रानात ठेवला. हात पुढं गेला आणि थांबला. बोंडांना वाळलेला पाला चिकटलेला होता, यंत्राला तो कापूस वाटेचना. परीक्षकांनी घड्याळ बघितलं अन् माझं डोकं फिरलं.

"चार वर्षं काय झोपा काढल्या का गं?" तिच्या आईवडिलांसमोर मी तिला फाडून खाल्लं. ती मान खाली घालून उभी.

तिची आई चहा घेऊन आली होती. "मॅडम, लेकराला नका बोलू. तुम्हीच म्हणला व्हता, फोटो स्वच्छ पायजेत. मंग आमी रोज सकाळी एकेका बोंडावरचा पाला काढून ठेवायचो. लई जपलं बघा."

"आई, राहू दे ना," पोरगी पुटपुटली.

स्वच्छ म्हणजे फोटो हलून धूसर येऊ नयेत, एवढंच मला म्हणायचं होतं. पण रानात जाऊन एकदाही बघितलं नव्हतं. परीक्षकांना मी बाजूला नेऊन इंग्रजीत सांगितलं, मार्गदर्शनात कमी पडले. त्यांनी सहा महिने वाढवून दिले.

शहराकडे परतताना गाडीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी तिची माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मॅडम, बोललात सगळ्यांसमोर, माफी मात्र गाडीत."

खरंच होतं ते. लाज वाटली. गाडी वळवली. अंगणात उभी राहून तिच्या आईवडिलांना सांगितलं, चूक माझी होती, तुमची नाही आणि हिची तर मुळीच नाही.

वडिलांनी विचारलं, "आन् हिची नोकरी, मॅडम?"

"गेली," मी म्हणाले.