क्रियापद दुरुस्त करणाऱ्या बाई

मराठी व्याकरणासाठी आमच्या बाई जितकं भांडल्या, तितका कुठला शाळामास्तरही भांडला नसेल. आणि बाई काही व्याकरणाच्या नव्हत्या. त्या समुपदेशक होत्या. बायपासच्या पलीकडं, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत त्या बसायच्या. जन्मताना मुलगी ठरवलेले मुलगे, मुलगा ठरवलेल्या मुली, आणि दोन्ही शब्द अंगाला बसत नाहीत अशी माणसं, आम्ही सगळे तो अरुंद जिना चढून त्यांच्याकडं जायचो. बसायच्या म्हणजे नावालाच, कारण बाईंना खुर्चीचं वावडं होतं. उभ्यानंच ऐकायच्या, उभ्यानंच चहा प्यायच्या, आणि तुमचं बोलणं ऐन रंगात आलेलं असताना खिडकीतून डोकावून 'टँकर!' म्हणून ओरडायच्या. ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चहूकडं पसरत होतं, इमारतींवर मजले चढत होते आणि नळाला मात्र पाणी नव्हतं. बाई एक कळशी स्वतः घ्यायच्या, एक तुमच्या हातात द्यायच्या. रांगेत मात्र खासगी अक्षर काढायची बंदी. तिथं विषय एकच, वांग्याच्या भाजीत कारळाचं कूट घालावं की नाही. आयुष्यातलं सगळ्यात मोठं रडू मी अर्ध्यावर थांबवून टँकरकडं पळालोय आणि परत येऊन तिथूनच पुढं चालू केलंय.

व्याकरणाचं म्हणाल तर बाईंच्या समोर कुणी चुकीचं क्रियापद वापरून सुखानं जिना उतरलेला नाही. खालच्या गिरणीवाल्या काकांनी एकदा माझ्याबद्दल विचारलं, "बाई, ती शेंद्र्याच्या कंपनीत कामाला असलेली पोरगी आज दिसली नाही?" बाई म्हणाल्या, "पोरगा. आला होता. गेला." काकांच्या हातातलं मापच खाली पडलं. "अरारारा! कधी हो?" "आत्ताच," बाई शांतपणे म्हणाल्या, "ड्यूटीवर." तेव्हापासून काका माझं क्रियापद कधी चुकले नाहीत. उलट मी जिवंत दिसलो की त्यांना बरं वाटायचं.

मी कन्नड तालुक्यातला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. घरच्यांनी माझं लग्न ठरवलं, एका मुलाशी, आणि आठ दिवस आधी मी पळून शहरात आलो. कंपनीत काम मिळालं, पण झोप गेली, जेवण गेलं. कंपनीतल्या नर्सताईंनी बाईंचा पत्ता दिला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुला काय म्हणून हाक मारू?" तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मनात जपलेलं नाव मी चोरून आणल्यासारखं हळूच सांगितलं, "खंडू." बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "बसतंय तुला," म्हणाल्या. मग दुसरा प्रश्न, तितकाच सरळ, "खंडू, मरावंसं वाटतं का रे?" मी म्हणालो, "व्हय." बाई दचकल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंस. हे आता एकट्यानं वागवायचं नाही. रात्री-अपरात्री मला फोन करायचा. आणि उद्या परत यायचं."

मी परत गेलो. दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या आठवड्यात, मग वर्षभर.

त्या वर्षात एकदा माझा पत्ता काढत बापू आले. माझे वडील. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. बाईंचा जिना चढून दारातच म्हणाले, "बाई, हिला नीट करा. भगत झाला, दवाखाना झाला. लई झालं आता."

"हा नीटच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला झोप लागते का?"

बापू गोंधळले. "झोप? झोप कुठली, बाई. ही गेल्यापसनं नाय."

"हा गेल्यापासून," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या लेकराला बदलणार नाही, आणि तुम्हालाही एकटं सोडणार नाही. पंधरा दिवसांनी या."

बापू ताडकन वळले आणि घोंगडं सावरत खाली उतरून गेले. मी म्हणालो, "सोडा, बाई. म्हाताऱ्याला नाय कळायचं." तेव्हा बाई चक्क खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "नोकरीच्या सुरुवातीला असंच एक लेकरू माझ्यासमोर आणलं होतं. मी त्याला सांगितलं, लग्न कर, जाईल हे. ते परत आलंच नाही. कुठं गेलं, काय झालं, मला आजवर कळलेलं नाही." एवढं बोलून त्या उठल्या. "बापूंचा नंबर दे."

मग बाईंनी बापूंना जे फोन केले, त्याला तोड नाही. मेंढरं कुठवर गेली, चारा मिळाला का, छावणीत गर्दी किती, सगळं विचारायच्या आणि शेवटी, "बुधवारी येताय ना?" दोनदा बापूंनी फोन आपटला. तिसऱ्यांदा आले. टँकर आल्यावर कळशी उचलून माझ्यामागं रांगेत उभे राहिले. पुढच्या खेपेला विचारलं, "लोकं काय म्हणतील, बाई?" बाई म्हणाल्या, "लोकांचं लोक बघतील. तुम्ही काय म्हणता?" उत्तर द्यायला बापूंना सहा महिने लागले, आणि तेही त्यांनी बाईंना दिलं नाही. एका बुधवारी खोलीतून आईला फोन लावून ते म्हणाले, "पोचलो, पोचलो. खंडू हाय हितंच. जेवला त्यो."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझा भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही. आई बोलते, पण माझं नाव टाळून. गिरणी पडली, तिथं सात मजले उभे राहिले. बाई थकल्या आणि करमाडला भाचीकडं राहायला गेल्या. मी दिवाळीला आणि गुढीपाडव्याला जातो, वाकून नमस्कार करतो, घाईत निघतो. मला आता कामं फार. मागच्या खेपेला चपला घालत होतो, तेव्हा बाई भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "काम नसलं तरी येत जा रे." इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी चपला काढल्या, बाईंना हात धरून आत नेलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.