चंद्रोदय, वजा साडेचार तास

श्रीनिवास करंदीकरचं कुठलंही वाक्य "बेसिकली"शिवाय सुरू होत नसे. भूक लागली तरी "बेसिकली, मला भूक लागलीये", आणि सर्दी झाली तरी "बेसिकली, नाक बंद आहे". त्याची अकरा वर्षांची मुलगी श्रुती त्याची हुबेहूब नक्कल करायची. हनुवटी आत ओढायची, नसलेला चष्मा बोटाने वर सरकवायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "बेसिकली, मृदुला, पोळी ही गोल असते." त्याची बायको मृदुला हसून लोटपोट व्हायची. श्रीनिवास रागवायचा नाही. फक्त म्हणायचा, "माझा आवाज एवढा जाड नाहीये."

हॉलंडमधल्या फेल्डहोवनला चिप बनवायची यंत्रं तयार होतात, तिथे तो चौदा वर्षं मोजमापाचं काम करत होता. केसाच्या जाडीचे हजारो तुकडे केले तर त्यातला एक तुकडा इकडे सरकला की तिकडे, हे बघायचं. अशा माणसाच्या घरी काय चालत असेल ते सांगायला नको. विमानतळावर तीन तास आधी जायचं. छत्र्या दोन, चार्जर तीन आणि सगळ्या कागदांच्या रंगीत प्रती. सायकलच्या चाकातली हवासुद्धा तो दर रविवारी मोजायचा आणि वहीत लिहायचा.

एवढं मोजणाऱ्या या माणसाची एका गोष्टीपुढे मात्र डाळ शिजत नव्हती. ती गोष्ट म्हणजे मृदुलाची संकष्टी.

एकवीस सालच्या मे महिन्यात मृदुलाचे वडील, गुरुनाथअप्पा, मिरजेच्या दवाखान्यात एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होते. इकडून विमानं बंद. मृदुला स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असायची, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात काहीच नाही. त्यात एका रात्री ती बोलून गेली की अप्पा घरी आले तर वर्षभर संकष्टीला प्रत्यक्ष चंद्र बघूनच जेवीन. मोबाइलवर वेळ बघून नाही. डोळ्यांनी बघून. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

अप्पा घरी आले. आता प्रश्न हॉलंडच्या आभाळाचा होता.

मे ते नोव्हेंबर सात संकष्ट्या झाल्या, त्यात चंद्र तीनदा दिसला. बाकी चार वेळा ढग, धुकं, पाऊस, पुन्हा ढग. मृदुला कोट घालून मागच्या अंगणात उभी राहायची आणि श्रीनिवास आत मीटिंगमध्ये असायचा. अप्पा स्वतः फोनवरून ओरडले, "अगं बये, मी ठणठणीत आहे! वेळ बघ आणि जेव! गणपती काय हजेरी घेतो काय?" पण मृदुलाने एकदा मनात घेतलं की घेतलं.

नोव्हेंबरच्या संकष्टीलाही ढग होते, तेव्हा श्रीनिवासच्या तोंडून निसटलं, "बेसिकली, त्या चंद्राला काय कळतंय तू फेल्डहोवनमध्ये जेवलीस की नाही?"

मृदुला कोट काढून तशीच उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुतीला शाळेत सोडून येताना तिला भोवळ आली आणि सायकलसकट ती वाटेवर आडवी झाली. गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. दुपारी शाळा सुटल्यावर तिघं हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तिथल्या घरच्या डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टरबाईंनी शांतपणे पॅरासिटामॉल सांगितली. श्रुतीने घरी येऊन डॉक्टरबाईंचीही नक्कल केली, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्या रात्रीपासून श्रीनिवासला एकच भीती होती. पुढची संकष्टी बावीस डिसेंबरला, म्हणजे ढगांच्या भर हंगामात. तोंडाने माफी मागणं त्याला जमत नव्हतं, म्हणून त्याने तक्ता केला. युरोपातली शहरं, गेल्या वीस वर्षांतले डिसेंबरचे ढग, टक्केवारी, विमानभाडं आणि समुद्र पूर्वेला आहे का. कारण समुद्र पूर्वेला असला तर चंद्र उगवताना आड इमारत नाही, झाड नाही. तक्त्यात सगळ्यात वर स्पेनमधलं व्हॅलेन्सिया आलं. अडचण होती शाळेची. सुट्टी पंचविसाव्या तारखेला लागणार होती. पण करोनामुळे सरकारने प्राथमिक शाळा आठवडाभर आधीच बंद करायचं जाहीर केलं, आणि सगळे पालक कपाळावर हात मारत असताना श्रीनिवास करंदीकर सोफ्यावरून टुणकन उठला.

"आपण व्हॅलेन्सियाला जातोय."

"आत्ता? या दिवसांत?" मृदुला म्हणाली. "आणि बावीसला माझा उपास आहे, माहितीये ना?"

"अरे हो का? बेसिकली, तारखा तेवढ्याच स्वस्त होत्या," श्रीनिवास म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

एकोणिसाव्या तारखेला हॉलंडला पुन्हा टाळं लागलं आणि विसाव्याला हे तिघं तोंडाला मास्क लावून विमानात बसले. सामानात मोदकांची चाळणी, तूप, तांदळाची पिठी, खवलेलं खोबरं आणि गूळ. बॅगा तपासणाऱ्या माणसाने पिठीचं पुडकं बराच वेळ उजेडात धरलं होतं.

व्हॅलेन्सियात लख्ख ऊन. श्रुतीने जाकीट काढून कमरेला बांधलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं, लगडलेली, आणि कोणीच तोडत नाही याचं मृदुलाला फार नवल. "एवढी संत्री आणि लोक नुसते चालतायत बघ!" श्रुतीने खाली पडलेलं एक सोलून तोंडात टाकलं आणि तिचं तोंड वाळक्या कारल्यासारखं झालं. रस्त्यावरची संत्री कडू असतात हे तिला त्या क्षणी कळलं, आणि लोक का तोडत नाहीत हेही.

बावीस तारखेला सकाळी मृदुलाने भाड्याच्या घरात उकड काढली, मोदक वळले आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. रात्री परत आल्यावर वाफवायचे, असं ठरलं. तिने दूध घेतलं, एक केळं खाल्लं. बारा वाजल्यापासून श्रीनिवासची घाई सुरू झाली.

"चला, चला. चार वाजता आपल्याला समुद्रावर असायला हवं."

"चारला काय आहे?"

"हवा चांगली असते."

ट्रामने अर्धा तास जाऊन तिघं समुद्रावर पोचले. रुंद, मऊ वाळू. काही म्हातारे स्पॅनिश लोक पँट दुमडून पाण्याच्या कडेने चालत होते. श्रीनिवासने पाण्यापासून बरोबर वीस पावलांवर सतरंजी अंथरली, मृदुलाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. सव्वाचार. चार वीस. चार पंचवीस. ऊन पाठीवर मस्त तापत होतं.

"अरे, काय बघतोयस एवढं?"

"आता दिसेल."

"काय दिसेल? जहाज?"

श्रीनिवासने पुन्हा घड्याळ बघितलं. "चंद्र."

मृदुलाने आधी आभाळाकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग नवऱ्याकडे. "या उन्हात?"

"कॅलेंडरमध्ये चंद्रोदय पावणेनऊ दिलाय. भारताची वेळ वजा साडेचार तास, म्हणजे सव्वाचार." तो एका दमात बोलला. पुण्याच्या ऑफिसशी मीटिंग असली की वजा साडेचार, आईला फोन करायचा असला की वजा साडेचार. चौदा वर्षं हेच गणित हाताला लागलं होतं. वाक्य संपलं आणि त्याच क्षणी आपण काय केलं ते त्याला कळलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ओह," तो म्हणाला.

"श्रीनिवास," मृदुला म्हणाली, "अरे, चंद्र काय मुंबईहून कॉल लावतो का?"

आणि ती हसायला लागली. पोट धरून, सतरंजीवर कलंडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. श्रुतीने लगेच हनुवटी आत ओढली. "बेसिकली, चंद्र, तू लेट आहेस. मी तुला इन्व्हाइट पाठवलं होतं." मग तर मृदुलाला श्वास घेता येईना. जाणारे म्हातारेही थांबून हसले, कशाला ते त्यांना ठाऊक नसताना.

हसू ओसरल्यावर तिने पदराच्या जागी स्कार्फने डोळे पुसले आणि मग हळूच विचारलं, "म्हणजे हे सगळं तू यासाठी ठरवलंस?"

"इथे ढग कमी असतात," श्रीनिवास वाळूकडे बघत म्हणाला. "डिसेंबरमध्ये. आणि समुद्र पूर्वेला आहे."

 मृदुलाने सतरंजीवरची वाळू झटकली आणि त्याला बसायला जागा केली.

श्रुतीने मोबाइलवर शोधून सांगितलं की इथला खरा चंद्रोदय आठ वीसला आहे. सूर्य मावळला, वारा सुटला, आणि सहाच्या सुमाराला मृदुलाचे दात वाजायला लागले. "चल घरी, परत येऊ," श्रीनिवास म्हणाला, पण ती उठायला तयार नव्हती. ट्रामच्या खेपा घालायची ताकद तिच्या अंगात नव्हती, ते त्याला दिसलं. समोर एक कॉफीचं दुकान उघडं होतं. मायलेकींना त्याच्या दारापाशी, वाऱ्याच्या आडोशाला बसवून, दूध सांगून तो निघाला. "ब्लँकेट आणतो. आणि मोदक वाफवूनच आणतो. म्हणजे चंद्र बघितला की लगेच खाता येईल तुला. साडेसातला हजर."

आयुष्यात कधी उशीर न झालेल्या माणसाने असं वचन दिलं होतं. पण भाड्याच्या घरातल्या शेगडीने दगा दिला. मोदकांची चाळणी पातेल्यावर ठेवून त्याने बटण दाबलं, तर शेगडी टीं टीं करून बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा टीं टीं. सकाळी नीट चाललेल्या शेगडीला आता कुठलंसं कुलूप लागलं होतं. माहितीपुस्तिका स्पॅनिशमध्ये. केसाच्या हजाराव्या भागाला शिस्त लावणारा इंजिनियर त्या शेगडीसमोर पाऊण तास घाम पुसत होता. शेवटी चिडून एकाच बटणावर बोट दाबून धरलं, तेव्हा ती सुरू झाली. मोदक झाले तेव्हा आठ वाजायला आले होते. गरम पातेलं त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, बाळासारखं पोटाशी धरलं आणि ट्राम गाठली.

ट्राम निम्म्या वाटेवर असताना फोन वाजला.

"बाबा! आला! चंद्र आला! लालभडक आहे, केवढा मोठा!" श्रुती किंचाळत होती.

"आईने बघितला?"

"नाही ना! आम्ही वाळूवर आलोय, पण ती डोळे मिटून बसलीये."

"म्हणजे?"

"म्हणते, बाबा येऊ दे."

 "तिला सांग, आधी बघ म्हणावं! आभाळ कसंय?"

"एक ढग आहे. वरती. मगरीसारखा, तोंड उघडं आहे त्याचं. आणि चंद्र सरळ त्याच्याकडे चाललाय."

"आईला फोन दे."

खरखर झाली, मग मृदुलाचा आवाज आला. "हं."

"मृदुला, वेडेपणा करू नकोस. बघून घे. मी अजून ट्राममध्ये आहे. ढग आला तर उद्या सकाळपर्यंत..."

"माहितीये मला."

"मग?"

"सात महिने एकटी उभी राहिले रे अंगणात," ती म्हणाली. "आज नाही बघणार एकटीने. तू ये."

फोन ठेवल्यावर श्रीनिवास दाराशी जाऊन उभा राहिला, जणू दाराशी उभं राहिल्याने ट्राम जोरात जाते. तीन थांबे होते. शेजारच्या आजीबाई त्याच्या हातातल्या वाफाळत्या ब्लँकेटकडे संशयाने बघत होत्या. दार उघडलं आणि तो पळत सुटला. रस्ता, फरसबंदी, मग वाळू. वाळूत पाय रुतायला लागले, बुटांत वाळू भरली, चष्म्यावर मोदकांची वाफ. लांबून त्याला श्रुती हात हलवताना दिसली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसलेली मृदुला. तिच्यासमोर चंद्र, आणि चंद्राच्या वर मगरीचा जबडा.

"बघ!" तो तिथूनच ओरडला. "मृदुला, बघ, मी आलो! आलोच! उघड डोळे!"

"नको गं आई!" श्रुती ओरडली. "अजून लांब आहेत! पन्नास मीटर! तीस! बाबा, पळा ना! वीस!"

तो येऊन तिच्याशेजारी गुडघ्यांवरच कोसळला. धापेमुळे बोलता येईना, म्हणून त्याने नुसता तिच्या खांद्याला हात लावला. मृदुलाने डोळे उघडले.

ढगाची कड चंद्राला लागली होती. वरचा थोडासा भाग गेला होता. खालचा, तांबूस, समुद्रावर झळझळत होता. मृदुलाने हात जोडले. जवळच्या बाटलीतलं पाणी वाळूत सोडलं, तिचे ओठ हलले, आणि त्यात अप्पांचं नाव श्रीनिवासला स्पष्ट ऐकू आलं. कोणीही न सांगता त्यानेही हात जोडले, अवघडून, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलासारखे. थोड्याच वेळात ढगाने सगळा चंद्र गिळला आणि समुद्र काळा झाला.

त्याने पातेल्याचं झाकण काढलं. पळापळीत मोदकांची नाकं चेपली होती, दोन तर फुटून सारण बाहेर आलं होतं. मृदुलाने फुटलेलाच उचलला. सारण सांडत होतं, म्हणून त्याने खाली आपली ओंजळ धरली. तिने एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा श्रुतीने पळवला. मग श्रीनिवासने ब्लँकेट मृदुलाच्या खांद्यावरून लपेटलं आणि ते नीट बसलंय की नाही हे उगाच दोन-तीनदा तपासलं.

"पुढच्या महिन्यात ढग असले तर मी खाईन," ती तोंडातला घास संपवून म्हणाली. "वेळ बघून खाईन. घाबरू नकोस."

श्रीनिवासने मान डोलावली. मग पाठ वळवून तो पातेल्याच्या झाकणाला लागलेली वाळू पुसत राहिला. झाकण केव्हाच स्वच्छ झालं होतं.