मिठाच्या पाण्यात तरंगलेली गोळी

कापडे गावच्या महिपतीचा देवावर विश्वास होता, तोही बेताचाच. दुकानदाराचा काटा, मुंबईच्या पोराचा फोन, बायकोच्या हातचं मीठ, त्याला सगळ्यांचाच संशय. खरं बोलतं ते मिठाचं पाणी, एवढं मात्र तो छातीठोक सांगे. पेरणीआधी भाताचं बियाणं तो त्यात टाकी. पोचट वर येई, भरीव तळाला बसे. त्याला हसणारेही बियाणं त्याच्याकडूनच नेत.

त्याचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. त्या गोळीने पाय सुजले. काहींना ही सोसत नाही, आपण दुसरी देऊन पाहू, असं बाई म्हणाल्या आणि महिपतीच्या मनात पाल चुकचुकली. दुसरी बरी होती, तर पहिली दिली कशाला? शिवाय धाकटा भाऊ दत्ताराम ब्लडप्रेशरच्याच गोळ्या घेत होता, तरी त्याचं अर्धं अंग लुळं पडलंच होतं.

घरी येऊन त्याने दोन्ही गोळ्या मिठाच्या पाण्यात सोडल्या. जुनी तळाला गेली, नवी तरंगली.

"पोचट हाय," तो बायकोला, राहीबाईला, म्हणाला. जुनीने पाय सुजतात, नवी पोचट, म्हणून दोन्ही बंद.

राहीबाईने कपाळावर हात मारून घेतला. ती मनातून फार घाबरली होती, पण भांडली नाही. दत्तारामला पेज भरवायचं काम तिचं. दुसऱ्या दिवशी तिने वाटी नवऱ्याच्या हातात दिली.

"आज तुमी भरवा. उद्या मला दोघांना भरवायचं हाय."

महिपती गुमान भावाच्या खाटेपाशी बसला. पेज ओठांवरून ओघळत होती आणि तो पुसत होता. पुसता पुसता त्याने डॉक्टरांची लबाडी भावाला समजावली.

"तू तर रोज घेत व्हतास. काय उपेग झाला रे?"

दत्तारामने चांगल्या हाताने खाटेखालची पत्र्याची पेटी दाखवली. महिपतीने ती ओढून उघडली. आत गोळ्यांची पाकिटं होती. एकातली एकच गोळी काढलेली, बाकी सगळी जशीच्या तशी.

"मी पन," दत्ताराम जड जिभेने एकेक शब्द ओढत म्हणाला, "पान्यात टाकली. तरंगली."

घरात हे पाणी कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. महिपतीने वाटी खाली ठेवली. मग त्याने राहीबाईला हाक मारली.

"ती नवी गोळी आण गो."

तिने आणून दिली. सवयीप्रमाणे त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि भावाच्या समोरच गिळली.