ओटोकाकांच्या अंगावरची शाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

लंडनमध्ये हॅरोला आमच्या शेजारी इंगे राहायची. तिचे वडील ओटो पूर्व जर्मनीतून तिच्याकडे राहायला आले तेव्हा पंचाऐंशीचे होते. आम्ही त्यांना ओटोकाका म्हणू लागलो. एका लहान गावाच्या नगरपालिकेत त्यांचा जन्म गेला होता. कैसरच्या काळात कारकून, प्रजासत्ताकात नगरसेवक, नाझींच्या काळात उपनगराध्यक्ष. मग रशियन आले. गावातले नळ कुठून कुठे जातात हे यांनाच ठाऊक, म्हणून त्यांनी यांनाच नगराध्यक्ष केलं. कम्युनिस्टांनीही ठेवलं. भिंतीवरची तसबीर बदलायची, खुर्ची तीच! मी थक्क व्हायचो.

“अहो, केवढा ग्रेट माणूस!” ही म्हणायची. “आपल्याला कौन्सिलचा एक फॉर्म धड भरता येत नाही.”

त्यांना येऊन चारेक वर्षं झाली, तेव्हा मी आमच्या इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो. गणपतीत मी काकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि माझं भाषण — राजवटी आल्या, गेल्या, यांनी गावाला सोडलं नाही. लोक उभे राहिले. काका नारळ छातीशी धरून रडले. मला वाटलं, भारावले.

थोड्याच दिवसांत तिकडे बर्लिनची भिंत पडली. इंगे कामावर असताना काकांनी मला बोलावलं आणि एक पाकीट दिलं. गावातल्या मार्टा नावाच्या बाईसाठी, आत कबुली होती. रशियनांनी नावं मागितली तेव्हा आपली खुर्ची टिकावी म्हणून काकांनी तिच्या वडिलांचं नाव दिलं होतं. त्यांना उचलून नेलं, ते परत आले नाहीत. चुगली सख्ख्या चुलत्याने केली असं धरून ती त्याच्याशी अजून बोलत नव्हती.

“दोघंही म्हातारी झालीत,” काका म्हणाले. “आता तिथे पत्रं फोडत नाहीत. तू टाक.”

नव्वदीला टेकलेला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसत होता. इतकं मोठं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. आणि मी — मी काय केलं?

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी दोनदा जाऊन परत आलो. मंडळाच्या अंकात पहिल्याच पानावर फोटो होता, मी त्यांना शाल पांघरतोय. दोन महिन्यांवर मंडळाची निवडणूक. मार्टा इंगेला लिहील, इंगे हिला सांगेल, आणि मंडळात कुजबुज सुरू होईल — अध्यक्षांनी शाल घातली ती कुणाला? भीतीला कुठे अक्कल असते?

मी पत्र टाकलं नाही.

“टाकलंस?” त्यांनी विचारलं. “हो,” मी म्हणालो. मग रोज सकाळी, पोस्टमनच्या वेळेला, ते खिडकीत बसायचे. असे दहा महिने. माझ्या हॉलमधून ती खिडकी दिसायची. मी पडदा ओढून घ्यायला शिकलो.

ते गेले. इंगेने शवपेटीवर आमचीच शाल घातली आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तेच भाषण केलं. शब्द न शब्द तेच. त्यांची खुर्ची निदान नगराध्यक्षाची होती. माझी मंडळाची, हॉलमधली घडीची.

पत्र माझ्या कपाटात आहे, तिकीट लावलेलं. मार्टा आहे की गेली, चुलता आहे की गेला — मी कधी चौकशी केलेली नाही.